लाल दोऱ्याचं फडकं

टाकवे बुद्रुकच्या दूध संकलन केंद्रावर मी फॅट लिहायचो आणि हौशीराम वास घ्यायचा. कॅनचं झाकण उघडलं की नाक आत, आणि लगेच निकाल: "सकाळचं न्हाई, रातचं मिसळलंय." वीस वर्षांत त्याच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही. पुढे गावात गोठे कमी आणि फार्महाऊस जास्त झाली, केंद्राला कुलूप लागलं आणि हौशीरामचं नाक बेकार झालं. माझं काय, मी कुठेही आकडे लिहिले असते.

मग पुण्याच्या सारिका मॅडमनी गावाबाहेर शेड घेतली. जांभळाची वाईन करायची, तीही विकतचं यीस्ट न घालता, टिकवायचं औषध न घालता. फळाच्या सालीवर जे असतं त्याच्याच जोरावर. हौशीराम तिथे झाडलोटीला लागला. पहिल्याच हंगामात त्याने डेअरीच्या सवयीने अख्ख्या पिंपाची जांभळं कढत पाण्याने दोनदा धुतली. सालीवरचं सगळं धुऊन गेलं. आठवडा झाला तरी रस ढिम्म, आंबायचं नाव नाही! मॅडमनी डोक्याला हात लावला. पण त्याच आठवड्यात शेजारच्या पिंपाशी थबकून तो म्हणाला, "मॅडम, ह्ये फिरतंय." मॅडमच्या तपासणीत ते चार दिवसांनी दिसलं. तेव्हापासून झाडू दुसऱ्याकडे गेला आणि पिंपं हौशीरामकडे. लोणावळ्याच्या हॉटेलांत जाणाऱ्या बाटल्या याच्या नाकावर ठरायच्या, आणि हा माळकरी. थेंबसुद्धा कधी चाखला नाही.

त्याच्या बायकोला, धोंडाबाईला, हा धंदाच पसंत नव्हता. तिचा भाऊ दारूपायी गेलेला. तरी पिंपांच्या तोंडावर बांधायची फडकी तीच धुवायची. दर पिंपाला वेगळं फडकं, ही डेअरीची शिस्त. कोपऱ्यात लाल, हिरवा, पिवळा दोरा तिनेच घातलेला. संध्याकाळी हौशीराम फडकी अंगणात टाकायचा. ती काठीने उचलून कढत पाण्यात सोडायची आणि वाफ तोंडावर आली की दोघांचाही उद्धार करायची, धंद्याचा आणि नवऱ्याचा.

गेल्या जुलैत हौशीरामला ताप आला. ताप उतरला, पण नाक गेलं. मला एकट्याला त्याने सांगितलं. "लिंबू चिरून बघितलं, कांदा फोडून बघितला. कायबी येत न्हाई रं." साठीला आलेला माणूस, गुडघे झिजलेले, नाकाशिवाय त्याला कामावर कोण ठेवणार? मी मोठा शहाणा, म्हणालो, गप्प बस, येईल परत. चुकलंच माझं.

तो रोज पिंपावर वाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बरं हाय." खोटं बोलून माणूस किती थकतो ते मी तेव्हा पाहिलं. घरी आला की पायताण न काढता अंगणातच बसून राहायचा.

या खोटेपणाच्या तेराव्या दिवशी मीही तिथेच होतो. धोंडाबाईने फडकी पाण्यात सोडली आणि त्यातलं एक काठीने परत बाहेर काढलं.

"ह्या लाल दोऱ्याचं बिघडलंय. नाकात झोंबतंय, काल न्हवतं. जावा, सांगा तुमच्या मॅडमला."

"तुला गं काय कळतंय?" हौशीराम ओरडला, पण आवाजात दम नव्हता.

"सा वरसं वाफ खातीया मी."

तो उठला. आम्ही दोघं शेडवर गेलो. तिथे मात्र त्याने काही लपवलं नाही. नाकाचंही सांगितलं, फडक्याचंही. मॅडम लाल खुणेच्या पिंपावर बराच वेळ वाकून राहिल्या. "मला आत्ता कुठे जेमतेम वास येतोय," म्हणाल्या. ते पिंप तिथल्या तिथे उपसलं, बाकीची वाचली. मला वाटलं, संपली याची नोकरी.

"आबा, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना," मॅडम एवढंच म्हणाल्या. "उद्यापासून मावशींना विचारून येत जा."

परत आलो तेव्हा धोंडाबाई फडकी पिळत होती. हौशीरामने मॅडमचा निरोप सांगितला. मग पायताण काढता काढता विचारलं, "माज्या नाकाचं तुला ठावं हुतं का गं?"

"ताप उतरला त्याच दिशी कळलं. चुलीवर दूध उतू गेलं, करपलं. तुमी शेजारीच पाठ करून बसला हुता."

"मग उतरवायचं न्हाई व्हय?"

"म्हनलं, उठत्याल," ती म्हणाली. "पातेलं जळूस्तवर वाट बघितली."