झाडून काढलेली वाट

मथीबाईनं कळशी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, पी."

मी कळशीत डोकावलो. पाण्याचा रंग चहासारखा होता आणि तळाशी बोटभर तांबडा गाळ बसला होता.

"कुठलं हे?"

"आमच्या झऱ्याचं. पी ना. आमी आठ दिस पितो, तुला एक घोट जड जातो?"

वारली माणसं साहेबालाही अरेतुरे करतात. त्यात अपमान नसतो, ती त्यांची बोलण्याची रीतच आहे. त्या दिवशी मात्र थोडा अपमान होता आणि तो माझ्या वाट्याचाच होता. पण हे मला अर्ध्या तासानं कळलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुलुंडच्या बाजूच्या डोंगरावर वनपाल होतो. वनपाल म्हणजे गार्डच्या वरचा आणि रेंजरच्या खालचा. वरून शिव्या येतात, खालून तक्रारी येतात आणि मधे आपण वही घेऊन उभे. माझ्या हद्दीत, डोंगराच्या पोटाशी, अकरा घरांचा एक पाडा होता. मथीबाई तिथली सगळ्यांत मोठी. तिचं वय तिलाही माहीत नव्हतं, पण पाड्यातला कुठलाही तंटा तिच्या ओटीवरच मिटायचा.

पाड्याला पाणी एकच, झऱ्याचं. खडकातून येणारी करंगळीएवढी धार आणि तिच्याखाली हातभर खोल डबकं. जुलैत नाले गढूळ होतात, पण हा झरा कधी गढूळ झाला नव्हता. आता झाला होता. पाड्यातल्या बाया जमेल तेव्हा भर पावसात डोंगर उतरून कॉलनीतल्या नळावर हंडे घेऊन जात होत्या. उतरायला पाऊण तास, भरलेला हंडा घेऊन चढायला सव्वा तास. शिवाय नळावर कॉलनीवाल्यांची कटकट वेगळी.

"माती कुठून येते?" मी विचारलं.

"तुझ्या वाटेवरून," मथीबाई म्हणाली. "चल, दाखवते."

ती वाट म्हणजे आमचा इन्स्पेक्शन पाथ. गार्डनं गस्त घालायची पायवाट. गार्डपेक्षा तिच्यावर हायकर्सच जास्त चालायचे. दर रविवारी पंधरा-वीस जणांचा एक ग्रुप मुलुंडहून डोंगर चढायचा आणि संध्याकाळी पलीकडे बोरिवलीला उतरायचा. त्यांचा म्होरक्या सुहास सावंत. औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात होता. आठवडाभर बाटल्या खोक्यात भरायच्या आणि रविवारी पोरं डोंगरावर न्यायची. बरोबर बँकेतले कारकून, एक माधुरी नावाची टायपिस्ट, दोघं-तिघं कारखान्यातले फिटर. जाताना माझ्या ऑफिसात डोकावून "काका, चाललो हो" म्हणायचे. मला ती मंडळी मनापासून आवडायची. रविवारची ड्यूटी त्यांच्यामुळे सुसह्य होती.

त्या मे महिन्यात सावंत सगळ्या पोरांना घेऊन आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "काका, आम्ही इतकी वर्षं या डोंगरावर फुकट फिरतो. कायतरी परत द्यायला पाहिजे ना? काम सांगा तुम्ही."

माझ्या नोकरीत लोकांनी माझ्याकडे लाकूड मागितलं, परवाने मागितले, पकडलेली कोयती परत मागितली. काम कोणी मागितलं नव्हतं. मी विरघळलोच.

"काय करता येईल तुम्हाला?"

"वाट साफ करतो. पाचोळ्यावरून पाय घसरतात. सुटे दगड पण काढतो."

मी हो म्हटलं, आणि का म्हटलं तेही सांगतो. जंगलात आम्ही जाळरेषा काढतो. उन्हाळ्याआधी एका पट्ट्यातला सगळा पाला झाडून जमीन उघडी करायची, म्हणजे वणवा तिथं येऊन थांबतो. मला वाटलं, वाट झाडली तर आयती जाळरेषा मिळेल. ती वाट उभ्या उताराची आहे, मे महिना अर्धा सरल्यानं पाऊस तोंडावर आलाय आणि जाळरेषेवर पुन्हा पाला पडेपर्यंत आपण तिच्यावर लक्ष ठेवतो, या तिन्ही गोष्टी मला पाठ होत्या. पण समोर कौतुकानं बघणारी पंधरा पोरं उभी असली की पाठ असलेलं आठवत नाही.

तीन रविवार त्यांनी खराटे चालवले. पाला पोत्यांत भरून खाली नेला आणि एका नर्सरीवाल्याला खतासाठी दिला. सुटे दगड उचलून घळीत ढकलले. शेवटच्या रविवारी वाट लग्नघराच्या अंगणासारखी दिसत होती. माधुरीनं वाटेच्या तोंडाशी रांगोळीसुद्धा काढली. मी रेंजरसाहेबांना लेखी कळवलं की नागरिकांच्या सहभागातून इन्स्पेक्शन पाथ उत्तम स्थितीत आणला आहे.

आता मथीबाईच्या मागे चढताना ती उत्तम स्थिती मी बघत होतो. वाटेची गटार झाली होती. मधोमध गुडघाभर खोल चर पडला होता आणि वरून येणारं सगळं पाणी माती घेऊन त्यातून धावत होतं. खाली वाट जिथं वळते तिथं पाणी वळत नव्हतं, ते सरळ झऱ्याच्या डबक्यात पडत होतं.

मथीबाईनं बाजूच्या कारवीच्या झुडपांखालचा ओला पाला मूठभर उचलला. खाली माती जागच्या जागी होती.

"हा पाला तुमाला घाण वाटला का रे?" तिनं विचारलं. या वेळी आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "मे म्हैन्यात मी त्या पोरांना बघितलं झाडताना. मला वाटलं, साहेबानं सांगितलंय, साहेबाला म्हाईत असंल."

मी तिच्या हातातला पाला घेतला आणि परत कारवीखाली पसरला.

तिसऱ्या दिवशी रेंजरसाहेब आले. त्यांनी चर पाहिला, झरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"कांबळे, ही तुमची उत्तम स्थिती?"

"चूक माझी आहे, साहेब."

"वाट बंद करा. हायकर्स बंद. बोर्ड लावा."

"साहेब, बोर्ड लावला तर हायकर्स थांबतील. पाणी बोर्ड वाचत नाही. ते तिथूनच येणार."

साहेबांनी पुन्हा एकदा चर पाहिला. मग म्हणाले, "गणपतीपर्यंत झरा स्वच्छ पाहिजे. नाही झाला तर वाट कायमची बंद आणि तुमचा खुलासा." खुलासा म्हणजे आपण शहाणपणा का केला हे आपणच लिहून द्यायचं.

रविवारी सावंतला सांगितलं तेव्हा तो पायरीवर मटकन बसला. एरवी मुंबईची मराठी बोलणारा, पण कळवळला की मालवणीवर जायचा. "काका, आमच्या गावाक मे म्हयन्यात सगळो पातेरो गोळा करूचोच लागता. नायतर तरवो कसो भाजतले? माका वाटला, पातेरो काढलो म्हणजे पुण्याचा काम."

कोकणात तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, बी पेरण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा जाळून जमीन भाजतात. लहानपणापासून सावंत प्रत्येक मे महिन्यात तेच करत आला होता. त्याच्या हाताला ती सवय होती आणि माझ्या डोक्यात जाळरेषा होती. दोघांच्या शहाणपणात अकरा घरांचं पाणी गेलं.

"काका, आम्ही वाट लावली हो वाटेची," माधुरी म्हणाली. "आता काय करायचं ते सांगा. आम्ही करतो."

"मला विचारू नका," मी म्हटलं. "मथीबाईला विचारा."

पण धीर कुठला! पुढच्या रविवारी सावंत आणि मंडळी पाठीवर सात पोती घेऊन हजर. नेलेला पाला परत आणला म्हणे. नर्सरीवाल्याकडचा कधीच कुजून गेला होता, म्हणून आठवडाभर मुलुंडच्या सोसायट्यांमधून गोळा केला होता. मथीबाईनं एक पोतं ओटीवर उपडं केलं. गुलमोहराच्या शेंगा, अशोकाची पानं, बसची तिकिटं, कुल्फीच्या काड्या आणि एका चपलेचा अंगठा निघाला. तो अंगठा तिनं दोन बोटांत धरून वर उचलला आणि ती हसायला लागली. झरा बिघडल्यापासून पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. पाड्यातल्या बायाही हसायला लागल्या, मग पोरंही. सावंत तेवढा लाल होऊन उभा.

"पाला जंगल टाकील आपला आपण, थंडी सरली की," ती म्हणाली. "आता टाकलास तर तोच झऱ्यात येईल. आधी पाण्याला वाटेवरून काढ."

वाटेवर जाऊन तिनं एक काटकी घेतली आणि चिखलात आडवी ठेवली. वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी काटकीपाशी तुंबलं आणि वरून उडी मारून खाली धावलं. मग तिनं काटकी तिरकी केली. पुन्हा पाणी ओतलं. पाणी काटकीला धरून हळूच बाजूला गेलं आणि कारवीत शिरलं.

"आडवं नाय. तिरकं," मथीबाई म्हणाली. मृदसंधारणाच्या ट्रेनिंगला मी तीन आठवडे बसलो होतो. एवढं सोपं करून तिथं कोणी सांगितलं नव्हतं.

दगड पाहिजे होते. दगड घळीत होते, यांनीच ढकललेले. खाली ढकलायला एक मिनिट लागलेला दगड वर आणायला चार माणसं आणि अर्धा तास लागत होता. फिटर लोकांनी दोरखंड आणले. माधुरीनं चिखलात चप्पल गमावली आणि अनवाणी काम केलं. पहिल्या रविवारी त्यांनी नऊ ठिकाणी दगड लावले. आठवड्यात पाऊस असा कोसळला की नऊपैकी सहा ठिकाणचे वाहून गेले.

सावंतचा चेहरा बघवत नव्हता. "यार, आमच्याच्यानं होणार नाय हे."

डोक्यावर पानांचं इरलं घेऊन शेजारी बसलेल्या मथीबाईनं त्याला विचारलं, "दात किती दिसतो तुझा?"

"म्हणजे?"

"दिसतो त्याच्या दुप्पट आत असतो. म्हणून टिकतो. दगड पण तसाच लाव."

मग दोन हिस्से जमिनीत आणि एक हिस्सा वर अशा रीतीनं दगड बसू लागले. पोरं खणायची, ती इरल्याखालून ओरडायची, "अजून तिरका! अजून खोल!" रेंजरसाहेबांनी मला कधी इतकं झापलं नसेल. पण दुपारी तीच बाई पोरांच्या हातात भाजलेली नाचणीची भाकरी ठेवायची.

एकदा सावंत म्हणाला, "आजी, डबकं पण उपसून देतो. तासाभराचं काम."

"झऱ्यात तू नाय उतरायचा," मथीबाई म्हणाली. "तो आमचा आमी काढू."

सावंतला ते लागलं, पण त्यानं फावडं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या बायांनी झऱ्यापुढे तांदूळ ठेवले, हात जोडले आणि ओंजळी-ओंजळीनं गाळ काढला. फावडं लागलं असतं तर खालचा खडक हलला असता आणि धार वाट बदलून गेली असती, हे मला नंतर तिनं सांगितलं. सावंतलाही सांगितलं.

गणपतीच्या चार दिवस आधी साहेब इन्स्पेक्शनला आले. मुद्दाम मोठा पाऊस बघून आले होते. छत्री धरून झऱ्यापाशी वाकले. डबक्याचा तळ दिसत होता, तळातले बारीक खडेसुद्धा.

"काम कुठं केलंय?" ते म्हणाले. "मला तर काही दिसत नाही."

मी त्यांना वाटेवर नेलं. दगड चिखलात बसलेले होते, जेमतेम वर डोकावत होते. साहेब एका दगडापाशी उभे राहिले. वरून आलेलं पाणी तिथं अंग चोरून बाजूला झालं आणि कारवीत नाहीसं झालं. पुढच्या दगडाशी तेच, त्याच्या पुढेही तेच. त्यांनी शेवटपर्यंत चढून पाहिलं. उतरल्यावर म्हणाले, "काम चोख आहे. पण कांबळे, ही ब्याद पुन्हा नको. झरा वाचला, आता वाट बंदच करून टाकू. काय बाई, बरोबर ना? तुमच्याच पाण्याचा प्रश्न आहे."

सावंत आणि माधुरी बाजूला उभे होते. खरं सांगायचं तर मथीबाईनं "हो" म्हटलं असतं तरी मला तिची चूक काढता आली नसती.

तिनं साहेबांच्या बुटांकडे पाहिलं.

"कर बंद," ती म्हणाली. "मंग फुडल्या पावसात दगड हलले की ते बसवायला तू ये. दर ऐतवारी. आनि हे बूट नको घालू, चिखलात राहतील."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चढाकडे. वाट चालू राहिली.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत बरेच लोक आले. कोणाला रोपं लावायची होती, कोणाला झाडांना पाट्या ठोकायच्या होत्या, कोणाला फोटो काढून घ्यायचे होते. मी कोणाच्याच हातात लगेच अवजार दिलं नाही. आधी मथीबाईच्या ओटीवर जाऊन या, म्हणायचो. निम्मे तिथूनच परत गेले. उरलेल्यांना ती काम सांगायची आणि ते नेहमीच त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कंटाळवाणं असायचं. डोंगराला काही परत द्यायचं असेल तर आपल्याला काय येतं हे त्याला सांगू नये, त्याच्याजवळ राहणाऱ्याला काय हवंय ते विचारावं. मला हे शिकायला एक कळशीभर गढूळ पाणी लागलं, आणि ते पिण्याची वेळ माझ्यावर आली नाही, अकरा घरांवर आली.