आज काय दिसेल

टेकडीच्या रस्त्याचं शेवटचं वळण संपलं की कठडा लागतो आणि कठड्याच्या अलीकडे एक काळा फळा. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं आहे : ‘आज काय दिसेल’. खाली रोज सकाळी खडूने यादी लागते. ढगाळ दिवशी दोन ओळींची, स्वच्छ दिवशी अकरा ओळींची. इतरत्र माणसाला काय दिसलं ते नंतर विचारतात, इथे आधीच सांगून ठेवतात. त्यामुळे इथून निराश होऊन परत गेलेला माणूस ऐकिवात नाही.

ही यादी लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘दुर्बीण’ म्हणतात. टेकडीची देखभाल करणाऱ्या कार्यालयात ते बावीस वर्षं नोकरीला आहेत. कागदोपत्री पहारेकरी. पण देखावा कुणी चोरून नेत नाही, हे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं आणि रिकाम्या हाताला काम म्हणून त्यांनी फळा मागून घेतला. त्यांची पद्धत ठरलेली. सातला वर यायचं, कठड्याच्या तिसऱ्या खांबाला पोट टेकवायचं, डावीकडून उजवीकडे पाहत जायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. ‘बहुधा’ हा शब्द त्या फळ्यावर कधी आला नाही. मागे त्यांच्या बायकोची चहाची टपरी. तिचं म्हणणं, लोक देखावा पाच मिनिटं बघतात आणि चहा अर्धा तास पितात, तेव्हा टेकडी खरी कुणामुळे चालते ते सांगायला नको.

दीड वर्षापूर्वी दुर्बीणरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. कार्यालयाचा नियम साफ होता : नजर अधू झाली की खाली वाहनतळावर बदली, गाड्या मागे घेताना शिट्टी वाजवायला. दोन वर्षांनी निवृत्ती होती. अख्खं खोरं वरून पाहिलेल्या माणसाला शेवटची दोन वर्षं नंबरपाट्या बघत काढायची नव्हती.

मग ते आठवणीतून लिहू लागले. हवेला ओला वास आला की पलीकडचा डोंगर गाळायचा. वारा कोरडा लागला की तलावापुढची दोन गावं वाढवायची. यादी क्वचितच चुकायची, कारण डोंगर आणि तलाव यांना जागच्या जागी राहण्याची सवय असते. धुराड्याला नसते.

यादीतली सातवी ओळ होती : ‘जुन्या वीटभट्टीचं धुराडं, दोन उंच झाडांच्या मधोमध’.

एका रविवारी त्यांचा मेव्हणा वर आला. हा बांधकामाची आणि पाडकामाची कंत्राटं घेतो. पाडकामाचीच जास्त, त्यात चूक झालेली दिसत नाही म्हणून. चहा पिता पिता त्याने फळा वाचला आणि कप खाली ठेवला.

“भावजी, हे धुराडं तुम्हाला दिसतं?”

“लिहिलंय म्हणजे दिसतं.”

“मग कमाल आहे. सात महिन्यांपूर्वी मी ते माझ्या हाताने पाडलंय.”

टपरीतून बायको म्हणाली, “अरे, काहीतरीच काय! परवाच एक मास्तर अख्ख्या वर्गाला दाखवत होते. एक जण तर म्हणाला, जरा कललंय.”

“ताई, ते आता आडवं आहे. इतकं कललेलं असेल तर दिसलं असेल.”

“खोटं बोलतोस,” दुर्बीणराव म्हणाले. “चल, दाखव.”

दोघे मागच्या पायवाटेने उतरले. वाट आधी गवताळ उतारावरून जाते, मग ओढा ओलांडून शेतांच्या बांधांवरून. दुर्बीणराव पुढे, ठणठणीत नजरेचा मेव्हणा मागे. “इथे दगड हलतो,” ते मागे न बघता सांगायचे. “फांदी आहे, वाक.” ओढ्याशी म्हणाले, “डावीकडून ये. उजवीकडे शेवाळ आहे.” मेव्हण्याला उजवीकडचा दगड चांगला रुंद दिसत होता. त्यावर त्याने पाय ठेवला आणि पुढच्या क्षणी तो कमरेपर्यंत पाण्यात बसलेला होता.

“तुम्हाला दिसतं तरी किती, भावजी?” त्याने तिथूनच विचारलं.

“तू हिरवा दिसतोस.”

“शर्ट पांढरा आहे माझा.”

“मग शेवाळ असेल.”

दोन उंच झाडांच्या मधोमध विटांचा ढीग होता. दुर्बीणरावांनी त्यावर हात फिरवला, एक वीट उचलली, अंगठ्याने तिची कड चाचपली आणि परत ठेवली.

“पाडलंस खरं,” ते म्हणाले. आणि हात झटकत, “तुझ्या ताईला सांगू नकोस.”

“तिला काय सांगायचं? वर्षभर तुम्ही चहात साखरेऐवजी मीठ घालून घेता आणि ती कप बदलून देते. तुम्ही कधी बोलाल याची वाट बघतेय ती.”

वर आल्यावर दुर्बीणराव टपरीच्या बाकावर बसले आणि बायकोकडे कागद मागितला. तिने तो आधीच काढून ठेवला होता.

रजेच्या अर्जात त्यांनी कारण खरं लिहिलं : दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन. ‘बहुधा’ न लिहिणाऱ्या माणसाला ‘घरगुती अडचण’ लिहिणं जमलं नाही. शिवाय सातव्या ओळीची कबुलीही दिली : धुराडं पाडून सात महिने झाले, तरी ते लिहीत राहिलो. वाहनतळावर कुठे उभं राहिलं की ऊन लागत नाही, याची त्यांनी शिपायाकडे चौकशीसुद्धा करून ठेवली.

साहेबांनी अर्ज वाचला. मग शेरेबुक मागवून घेतलं, चार महिन्यांपूर्वीचं पान काढलं आणि स्वतःचाच शेरा पुन्हा वाचला : ‘वरिष्ठ पाहुण्यांसह पाहणी केली. धुराडे स्पष्ट दिसले. समाधानकारक.’ खाली पाहुण्यांची सही होती आणि तीही समाधानकारक होती. साहेबांनी शेरेबुक मिटलं. रजा त्याच दिवशी मंजूर झाली. बदलीचा विषय कुणी काढला नाही. धुराडं न दिसणाऱ्यांची बदली करायची, तर सुरुवात वरून करावी लागली असती.

सहा आठवड्यांनी दुर्बीणराव पुन्हा तिसऱ्या खांबाला पोट टेकवून उभे राहिले. आठ वाजले तरी फळा कोराच.

“अहो, लिहा ना काहीतरी! लोक आलेत.”

“थांब गं. फारच आहे.”

तलावाला काठाशी बोरूचं गवत आहे, हे त्यांना बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. एका गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं, तेही दिसत होतं. मग ते टपरीकडे वळले आणि बायकोकडे बघतच राहिले.

“काय बघताय?”

“तुझे केस पांढरे झालेत.”

“झाले असतील. फळ्यावर लिहू नका म्हणजे झालं.”

त्या दिवशी यादी एकोणीस ओळींची झाली. अक्षर बारीक करावं लागलं. सातवी ओळ मात्र गेली होती आणि दुपारपर्यंत तिघांनी तक्रार केली की मागच्या वेळी त्यांनी धुराडं छान पाहिलं होतं.

संध्याकाळी साहेब आले. फळा वाचला, कठड्याशी गेले, दोन झाडांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले.

“धुराडं?” अर्ज वाचलाच नसल्यासारखं त्यांनी हळूच विचारलं.

“पाडलं, साहेब.”

“अस्सं. कधी?”

दुर्बीणरावांनी खडूची भुकटी झटकली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते थोडंसं अंदाजाने बोलले.

“आपण पाहून गेलात ना, त्यानंतर.”

साहेबांनी मान डोलावली आणि दोन चहा सांगितले.