वाढत्या अंगाची गाडी

खडकांवर चढवायच्या ट्रायल्स मोटरसायकलला सीटच नसते, हे मला पन्नाशीत कळलं. ती उभ्यानंच चालवायची. मुक्ताला, माझ्या लेकीला, पहिली गाडी सेकंडहँड हवी होती. विकणाऱ्याकडे दोन होत्या, एकशेपंचवीस सीसीची आणि तीनशेची.

"मोठीच घेऊ, पुढे कामी येईल," मी म्हणालो.

"काका, शाळेचा गणवेश घेताय का?" तो हसला.

मुक्ता तीनशेवर उभी राहिली आणि तिनं मूठ जराशीच पिळली. पुढचं चाक थेट आभाळाकडे गेलं, ती पाठीवर आपटली. हेल्मेट होतं म्हणून बरं.

बूट, फ्रॉक, सायकल, तिचं सगळं मी एक माप मोठं घेत आलो. बुटात कापूस कोंबून ती शाळेत जायची. त्यात तिला चालता कसं येत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"बाबा, तुम्हीच पांढरे पडलात," कोपराची माती झटकत ती म्हणाली. मग लहान गाडीवर उभी राहून गुडघाभर उंचीचा खडक सावकाश चढली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र तिला, ती आहे तेवढीच, पहिल्यांदा पाहत होतो.