मामांचा सात फुटी पलंग

आमच्या मामासासऱ्यांइतका मोजूनमापून जगलेला माणूस अख्ख्या कृष्णाकाठावर सापडायचा नाही. फौजेत ते बांधकामाच्या तुकडीत होते. निवृत्त होताना बाकीच्यांनी ट्रंका भरून आणल्या, मामांनी एक पोलादी टेप आणला, आणि तो आजतागायत त्यांच्या खिशातून बाहेर राहायला गेलेला नाही. माझ्या लग्नात त्यांनी आधी बोहलं मोजलं, मग मला. "जावईबापू सांगितल्यापेक्षा दोन इंच कमी भरत्यात," हे भर मांडवात जाहीर केलं. साताऱ्याला आमच्याकडे आले की चहाआधी खिडकीचे गज मोजतात. कुणाच्या मयताला गेले तर तिरडीचे बांबू त्यांना आखूड वाटतात, आणि वाईट म्हणजे ते तसं बोलून दाखवतात. असा माणूस नात्यात एकच असावा, पण असावा.

या माणसाचं एकच माप चुकलं. सांगलीत नदीकडच्या भागात त्यांचं घर आहे. तिथे लोक पुराचं पाणी कुठवर आलं त्याची भिंतीवर खूण करतात आणि पुढचे पावसाळे त्या खुणेच्या भरवशावर काढतात. मामांची खूण लाल ऑइलपेंटची, गुडघ्याएवढी. मामी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. मोठ्या पुराच्या वर्षी पाणी चढू लागलं तेव्हा शेजारी नाव घेऊन दारात आले. मामांनी मामींचा पलंग सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवला, तो खुणेच्या वीतभर वर येतो हे टेप लावून दाखवलं आणि नाव परत पाठवली. "कृष्णामाई खुणंच्या वर येत न्हाई," म्हणाले. दुपारी माई छातीला लागली. मामींना खांद्यावर घेऊन मामा टेबलावर उभे राहिले, नाव पुन्हा येईपर्यंत. त्या गारठ्यानं मामी आजारी पडल्या आणि चौथ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात वारल्या. पाणी आणखी चढून ओसरलं, तेव्हा मामांनी नवी खूण केली, साडेसहा फुटांवर. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत आणि आमचीही विचारायची छाती झाली नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांची नात ओवी वर्षभरासाठी त्यांच्याकडे राहायला यायची ठरली. तिचा बाप सरहद्दीवर, आई शिक्षणासाठी पुण्याला. मामी गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता. ओवीचा निरोप आला त्या दिवशी मामांनी मला तीनदा फोन केला. सहा वर्षांच्या ओवीची अट एकच होती, मैत्रिणीकडे आहे तसा शिडीचा उंच पलंग पाहिजे. पोरगी रमली नाही तर तिला साताऱ्याला आमच्याकडे हलवायचं, असं सुनेनं बजावलं होतं. त्यामुळे मामांच्या दृष्टीनं सगळं त्या पलंगावर येऊन ठेपलं.

गाडी माझी, म्हणून फरपटही माझी. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली, एक दुकान सोडलं नाही. कुठे पलंगाला घसरगुंडी होती, कुठे खाली अभ्यासाचं टेबल, कुठे गुलाबी परी रंगवलेली. मामा परीकडे बघायचेसुद्धा नाहीत. गुडघ्यांवर बसून पाय मोजायचे. एका दुकानातून त्यांनी फळीचा तुकडा मागून नेला, तीन दिवस स्टीलच्या डब्यात पाण्यात भिजवला आणि तो फुगलेला तुकडा मालकासमोर ठेवला. "अहो काका, पलंग पाण्यात कोण ठेवतं?" मालक वैतागला. "आमी सांगलीवाले," मामा म्हणाले. इस्लामपूरच्या दुकानदारानं समजावलं, की लहान मुलाला सात फूट उंची नको, पडलं तर? मामा शांतपणे म्हणाले, "पडलं तर हात मोडतोय. मोडलेला हात जोडता येतोय." दुकानदारानं पावतीपुस्तक मिटलं.

शेवटी माधवनगरच्या एका वेल्डरकडून लोखंडी पलंग बनवून घेतला. उंची सात फूट, म्हणजे खुणेच्या वर अर्धा फूट. खोलीची उंची नऊ. मध्ये पंखा येत होता, तो काढून टाकला. मामांनी पाय जमिनीत सिमेंटनं पक्के केले आणि वर गादी टाकली. ओवी हौसेनं शिडी चढली, उठून बसायला गेली आणि तिचं डोकं स्लॅबला थडकलं.

"आबा, इथं बसताच येत नाही."

"बसायचं न्हाई बाळा. निजायचं."

ती थोडा वेळ पालथी पडून राहिली. मग खाली बघत तिनं विचारलं, "आजीला चढता आलं असतं इथं?"

मामांच्या हातात टेप होता. त्यांनी तो उघडला, पुन्हा मिटला. "न्हाई," म्हणाले. "तिला नावंतनं न्यायलाच पायजे हुतं." एवढं बोलून ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू होता. मी टेंगूळ आलेल्या ओवीला खाली उतरवलं. मी त्यांच्यावर आयुष्यभर हसत आलो होतो, त्याची त्या दिवशी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला आणि पलंगाचे पाय कापून गेला. उंची चार फूट, खाली भातुकलीचा संसार, वर पंखा परत. पलंग खुणेच्या चांगला अडीच फूट खाली गेला. ओवी राहिली.

जुलैत पाऊस लागला. आयर्विन पुलाखाली पाणी अजून पात्रातच होतं, शेजारी निवांत होते, आणि एका सकाळी मामा ओवीला आणि दोन पिशव्या घेऊन साताऱ्याला आमच्या दारात उभे. "ह्या डावाला खुणंची वाट बघितली न्हाई," म्हणाले. यंदा पाणी त्यांच्या उंबऱ्यालाही शिवलं नाही. शेजाऱ्यांनी फोन करून टिंगल केली, "काय सुभेदार, लय लवकर पळाला!" मामा म्हणाले, "व्हय, पळालो. पुढच्या साली बी पळणार."

आठ दिवसांनी निघताना त्यांनी ओवीला आमच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली. टेप लावायला विसरले. "ही एक खूण तेवढी वर चढत ऱ्हाऊ दे, जावईबापू," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी पिशव्या उचलल्या आणि गाडीकडे गेलो.