वहिनीचा उजवा हात

मला प्राणी आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तरी माझं निम्मं आयुष्य कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातल्या काउंटरमागे गेलं. माझी वहिनी तिथली सर्जन, आणि खालचा दवाखाना नि वरचं घर यांच्यात फक्त एक जिना. दादा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. नणंद-भावजयीचं इतकं कसं पटतं, असं लोक विचारायचे. पटत कुठे होतं? ती दिवसभर ऑपरेशनच्या खोलीत असायची, एवढंच.

वहिनी शिकली तेव्हा तिच्या वर्गातले सगळे गाईम्हशींचे डॉक्टर व्हायला आलेले. ही एकटी मांजरं धरून बसली. माणसं मेली का सगळी, असं विचारून तिच्या वडिलांनीच तिची टर उडवली होती. पुढे त्याच कॉलेजात ती शस्त्रक्रिया शिकवायला लागली. सकाळी कॉलेज, दुपारी दवाखाना. चिडली की समोरच्याची बिनपाण्यानं हजामत करायची, तरी मुलं तिच्यावर जीव टाकायची. का, ते मला कधी कळलं नाही. माझ्यावर कुणी टाकला नाही.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा चहाचा कप बशीवर वाजला तेव्हा मी म्हटलं, म्हातारी झालीस. ती हसली नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार, असं स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर तिने मला बजावलं की कुणाकडे तोंड उघडायचं नाही.

"हात गेला तर मी काय करू? तुझ्यासारखी काउंटरवर बसू?"

मला संताप आला, पण तिचं घाबरलेलं तोंड बघून मी तो गिळला. काम सुटलं तर ही बाई जगणार नाही, याची मला खात्री होती.

गोळी घेतली की हात बरा राहायचा, म्हणून ती ऑपरेशनं करत राहिली. मदतीला तिचीच जुनी विद्यार्थिनी होती. तिच्या उंचीमुळे आम्ही तिला शिडी म्हणायचो. मुख्य काम झालं की शिडी म्हणायची, मॅडम, तुम्ही हात धुवा, पोट मी शिवते. वहिनीलाही टेकायला बरं वाटायचं. पोरगी गुणाची आहे, असं मी म्हणायचे. गुणाची होतीच, सगळा घोळ तिथेच झाला.

एकदा बेकरीवाल्याची मांजर रबराचा तुकडा गिळून आली. आदल्या वर्षी तिची गर्भपिशवी वहिनीनेच काढली होती. त्या दिवशी नर्स आली नव्हती म्हणून मला दिवा धरायला आत उभं केलं. मी मान वळवून उभी होते. आवाज यायचा बंद झाला तेव्हा बघितलं, तर वहिनी मांजरीच्या पोटात डोळे लावून थिजली होती.

पिशवी काढताना आतली रक्तवाहिनी ती नेहमी काळ्या रेशमाच्या दोऱ्याने बांधते. तो काळा दोरा सैल पडून बाजूला चिकटला होता. त्याच्या शेजारी निळा दोरा होता, घट्ट बसलेला. निळा दोरा आमच्याकडे फक्त वरची कातडी शिवायला वापरतात.

"हा निळा कुणाचा?" वहिनीने विचारलं.

"माझा, मॅडम," शिडी म्हणाली.

"या एकाच मांजरीत?"

शिडी ट्रेमधल्या कात्र्या सरळ करायला लागली.

"बोल ना."

"सगळ्यांत. तुम्ही हात धुवायला गेलात की बांधायचे. तुमची गाठ सुटून एखादं गेलं असतं, तर तुम्हाला सोसलं नसतं."

वहिनी तिच्यावर ओरडली असती तर मला हायसं वाटलं असतं. तिने हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं, "रबर तू काढ," म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

मांजर वाचली. वहिनी मात्र दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. माझ्या हातून वाचलेलं एकही जनावर माझं नाही, असं काहीतरी भिंतीकडे तोंड करून बोलत राहायची. मला समजावता येत नाही, माझा स्वभावच नाही तो. मी एवढंच म्हटलं की शिकवणं तर कुणी काढून घेतलं नाही ना? त्यावर ती उठली आणि चार घास जेवली.

कॉलेजात तिच्यासोबत मी गेले, कारण फळ्यावर तिला लिहिता येईना. नवीन मुलं होती, पहिलीच गाठ शिकायची होती. बाकांना सुतळ्या बांधल्या होत्या. गाठ दाखवताना वहिनी बोलत नाही. मी करते तसं हुबेहूब करा, इतकंच सांगते. तिने वेढा घातला, टोक ओवलं, आणि ओढायच्या आधी तिची बोटं थरथरली. गाठ बसली. आता तुम्ही करा, ती म्हणाली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने वेढा घातला, टोक ओवलं, आणि ओढायच्या आधी बोटं थरथरवली. शेजारच्यानेही तेच केलं. कार्टी चेष्टा करतायत असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी त्यांची तोंडं बघितली. जीभ दातांत धरून, अगदी मन लावून, वर्गभर पोरं हात थरथरवत होती. एकाने तर शेजाऱ्याला हळूच सांगितलं की तू कमी हलवतोयस.

वहिनी बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली.

"ते थरथरणं गाठीतलं नाही," ती म्हणाली. "तो माझा आजार आहे. तेवढा घेऊ नका."

सगळे हात जागच्या जागी थांबले. शेवटी पुढची मुलगी धीर करून म्हणाली, "मॅडम, मग बरोबर कशी, ते एकदा दाखवा ना."

वहिनीने सुतळी उचलली. वेढा घालायला हात पुढे नेला, त्याच्याकडे बघितलं, आणि सुतळी परत बाकावर ठेवली.

"शिडीला फोन कर," ती मला म्हणाली.