सिरियलमधल्या म्हाताऱ्याची भीती

मी सातवी नापास. नवेगाव बांध या गावी धान पिकवण्यात जन्म गेला. लिहायची सवय नाही, पण मनातली भीती कोणाला तरी सांगितलीच पाहिजे.

बायको आणि मी दुपारी जेवून तासाभराची एक सिरियल पाहायचो. त्यात एक रिटायर म्हातारा होता. नोकरीत असताना मुडदे तपासायचा, आता घरी बसून खुनी शोधायचा. एखादा केस, कपाचा डाग, एवढ्यावरून माणूस धरायचा. बायकोला तो फार आवडायचा. तुमच्यापेक्षा त्याले जास्त समजते, म्हणायची. मी म्हणायचो, जा मग त्याच्याच घरी नांदायले.

त्या दिवशी झिंग्यांची भाजी होती. सिरियल अर्ध्यावर आली आणि ती म्हणाली, छातीत जळजळून राहिलं, हात भरून आला. झिंग्यांचा गॅस होय, ओवा खा, म्हटलं. टीव्हीवरची नजर काढली नाही. तिनं ओवा खाल्ला. थोड्या वेळानं म्हणाली, "अवो, ऑटो बोलवा."

"थांब ना, संपू दे."

मग मी फोन केला. ऑटो आला तेव्हा ती खाटेवरून उठलीच नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, उशीर झाला.

मुलगी फुलचूरहून आली. तिला मी सांगितलं, एकाएकी झालं. माती झाल्यावर आमच्याकडे घर शेणानं सारवतात, मेलेल्या माणसाची गादी-कपडे मसणात टाकतात. तसं केलं. ओव्याची वाटीही मीच घासली.

तेरवीनंतर मुलगी राहिली. माझं मन रमावं म्हणून तिनंच सिरियल लावली. त्या भागात एकाची बायको मेली होती. म्हातारा घरभर फिरला, म्हणाला, घर फार लवकर साफ झालं. मग नवऱ्यापुढे खुर्ची ओढून बसला आणि हळूच विचारलं, दुखणं कधी सुरू झालं? तिथंच भाग संपला. माझी बनियन घामानं भिजली होती. बाबा, काऊन एवढा घाम आला, मुलीनं विचारलं. ताप वाटते, म्हटलं.

पुढचा भाग येऊ नये म्हणून देवाचा धावा केला. आलाच नाही. कोणी पाहत नव्हतं म्हणून बंद केली, असं शेजारी म्हणाला. पण भीती गेली नाही. दारात सावली पडली तरी वाटायचं, कोणी विचारायला आलं. जेलची भीती नव्हती. मुलीची होती. माझं तेवढंच माणूस उरलं आहे.

धान कापणीला ती आली. अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं काही विचारलं नव्हतं, मीच बोललो.

"बाई, तुही माय एकाएकी नाही गेली."

तिचे हात थांबले. ओवा, ऑटो, सगळं सांगितलं.

"किती वेळ थांबवलं, बाबा?"

"सिरियल संपेपर्यंत. अर्धा तास असंल."

ती आत गेली. पिशवी भरत असल्याचं ऐकू येत होतं. चप्पल घालून ती दारात थांबली.

"मले आज तुमच्याशी बोलता येत नाही," म्हणाली. "बीपीच्या गोळ्या खात जा."

त्याला आठ दिवस झाले. फोन जवळच ठेवतो. वाजला की लगेच उचलतो. अजून तिचा आलेला नाही.