पंगतीत बसलो, जेवलो नाही

आमचं गाव बुलढाण्याकडच्या उंद्रीजवळ. तिथल्या मारोतीच्या भंडाऱ्याला रोडगे भाजायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. कणकेचे गोळे पेटलेल्या गोवऱ्यांत ढकलायचे, वेळेवर पलटवायचे, राख झटकून टोपल्यात टाकायचे. ऐकायला सोपं आहे, पण भाजणाऱ्याच्या भुवया जळतात. मी ख्रिस्ती झालो त्या वर्षीही सकाळी डोक्याला फडकं बांधून हजर झालो, तर लोक बघतच राहिले. त्यांना वाटलं होतं, हा आता तोंड लपवून घरी बसेल. का म्हणून? मी नैवेद्य सोडला होता, गाव सोडलं नव्हतं.

बायको बरी झाली म्हणून मी येशूला मानायला लागलो, असंही काहींनी ठरवून टाकलं होतं. बायको बरी झाली नाही. बुलढाण्याच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई तिचा हात धरून रोज येशूची प्रार्थना करायची. शेवटी जाताना बायको घाबरली नाही. मी उशाशी होतो, मी ते पाहिलं. त्यानंतर मला कोणी काही पटवून द्यायची गरज उरली नाही.

रोडगे झाले, आरती झाली, नैवेद्य दाखवला. मी आरतीला लांब उभा होतो, ते सगळ्यांनी हेरलं होतं. थोरल्या भावाने दंडाला धरून मला पंगतीत आणून बसवलं.

"दोन घास खा बे. तुहा येशू काही तुले हाकलून देत नाही."

"दादा, काम सांग, करतो. बसतो बी. नैवेद्याचं खात नाही."

"पंधरा दिवसांवर पोरीचं लग्न आहे. आज खाल्लं नाही तर एक बी माणूस तुया मांडवात येणार नाही. मी बी नाही."

माझ्या बिनआईच्या पोरीचा मांडव रिकामा राहणार होता. समोर पत्रावळीवर मीच भाजलेला रोडगा होता, वर वांग्याची भाजी, आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. पंगत उठेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसलो. शेजारचे चिडवत होते, भाऊ वाढत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

लग्नाचं आवतन द्यायला मी घरोघर गेलो. आमच्याकडे चूलबंद आवतन देतात, म्हणजे त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, सगळ्या घराने मांडवात जेवायचं. भावाच्या दारातही गेलो. वहिनीने पाणी दिलं, भाऊ आतून बाहेर आला नाही.

लग्नाच्या दिवशी प्रार्थना झाली, पोरीने आणि जावयाने वचनं दिली, वऱ्हाडी जेवले. गावाची पंगत मात्र मांडून ठेवलेली, तशीच. गल्लीतून फोडणीचा वास येत होता. चुली पेटल्या होत्या. मला संताप आला, रडूही आलं. पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तवा भंडाऱ्यात खाल्लं असतं तर मले आवडलं नसतं."

तेवढ्यात भाऊ आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. रिकाम्या पंगतीत एकटाच बसला. मी वाढलं. त्याने हात मांडीवर ठेवले.

"जेव ना, दादा."

"मी बसलो ना? तू बी असाच बसला होता."

तो बसलाय हे गल्लीत कळलं. मग एकेक घर आलं, वहिनी आली, पोरंबाळं आली. ती सगळी पोटभर जेवली. भाऊ शेवटची पंगत उठेपर्यंत हलला नाही. मी आग्रह केला नाही. भरल्या पत्रावळीपुढे उपाशी बसणं काय असतं, हे त्या मांडवात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्याची पत्रावळ मी माझ्या हाताने उचलली.